राखणदाराची बाटली

गेल्या दिवाळीत पुतण्या घरी आला होता. तो कॉलेजात व्हॉलीबॉल खेळतो, त्यामुळे पानावर बसला की तिघांचं जेवतो आणि चौघांचं बोलतो. परदेशात आता गांजाची दुकानं उघडपणे चालतात, असं तो सांगत होता. "काका, रस्त्यावर माणसं मरतात ती दारूने. मग दारूला परवाना आणि गांजाला तुरुंग, हा कुठला न्याय? तुमचं मत काय?"

मला एखाद्या गोष्टीवर मत नाही, असं आमच्या घरात कधी झालेलं नाही. नगरपालिकेच्या गटारापासून सोलकढीतल्या मिठापर्यंत मी सगळ्यावर बोलतो. त्या दिवशी मात्र पानावरून उठलो, पंप बघून येतो म्हणालो आणि विहिरीपाशी जाऊन उभा राहिलो. पंप बंदच होता. 

चाळीस वर्षं होत आली त्याला. मी तेव्हा रत्नागिरीत कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि कबड्डीच्या संघात डावा कोपरा सांभाळत होतो. अभ्यासात यथातथाच. थोरला भाऊ मुंबईला गिरणीत होता. संपानंतर ट्रंक घेऊन घरी आला तो परत गेलाच नाही, दिवसभर ओटीवर बसून असायचा. घरातल्या सगळ्यांच्या नजरा माझ्या पायांवर होत्या. कारण त्या काळी मुंबईतल्या बँका स्वतःचे कबड्डी संघ बाळगायच्या आणि चांगला खेळाडू दिसला की त्याला नोकरीवर घ्यायच्या. त्या हिवाळ्यात देवरूखला कॉलेजांचे सामने होते आणि अंतिम सामना बघायला अशाच एका बँकेचा माणूस येणार होता. आमच्या क्रीडाशिक्षकांनी, म्हणजे सरांनी, मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुझं नाव त्यांच्या कानावर घातलंय. तू फक्त दोन पायांवर उभा राहा."

आणि सामन्यांच्या आठ दिवस आधी सरावात माझा उजवा गुडघा मुरगळला. सुजून टम्म झाला. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे पाय हलवायचा नाही. आईने डॉक्टरांचं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मला पावसला एका म्हाताऱ्या हाडवैद्याकडे नेलं. त्याने गुडघा असा दाबला की मला दिवसा चांदण्या दिसल्या. मग आतल्या खोलीतून कागदाची एक पुडी आणून माझ्या हातात दिली.

"ह्यो पाला खोबरेलात कडव नि निजताना बांद. सूज उतरंल. फकस्त कोनाला दाकवू नको."

पुडी सुपारीएवढी होती. वासावरून मला कळलं, आईलाही कळलं असावं, पण ती काही बोलली नाही. तो गांजा होता. तीन दिवस मी तो लेप बांधला आणि सूज उतरली. पाल्याने उतरली, तेलाने उतरली की गुडघ्यालाच माझी दया आली, ते देव जाणे. मला एवढंच समजलं की अंतिम सामन्यापर्यंत पुडी पुरवायची आहे.

एरवी मी एवढा घाबरलो नसतो. गांजा आमच्याकडे त्याआधीही कायदेशीर नव्हता, पण देवळाच्या पायरीवरचा एखादा बैरागी चिलीम ओढत बसला तर त्याला कुणी हटकतही नव्हतं. पण आदल्याच वर्षी दिल्लीत नवा कडक कायदा झाला होता आणि आमच्या कॉलेजच्या सभागृहात एका फौजदाराचं भाषण ठेवलं होतं. त्याने टेबलावर पुडी ठेवली, अगदी माझ्यासारखीच, आणि म्हणाला, "ही ज्याच्या खिशात सापडेल, त्याने नोकरी विसरायची. चारित्र्याच्या दाखल्यावर सही माझीच असते." शिक्षा किती, ते त्याने सांगितलं नाही. ते काम जिमखान्यातल्या पोरांनी केलं. कुणी म्हणे दहा वर्षं, कुणी म्हणे वीस, जामीन नाहीच.  चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. रस्त्यात साधा होमगार्ड दिसला तरी मी गल्ली बदलायचो.

पुडीची गोष्ट मी एकाच माणसाला सांगितली. तो आमचा चढाईपटू. माझा जिवलग मित्र, वसतिगृहात शेजारच्या कॉटवर झोपणारा. देवरूखच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याची वाडी होती. वडील मुंबईत, आई गावाला एकटी शेती बघायची. सुपारीच्या खांडालाही तो कधी शिवला नव्हता. पण भीती म्हणून काय असते, ते त्याला ठाऊकच नव्हतं. सात जणांच्या अंगणात एकटा शिरणाऱ्याला कशी ठाऊक असणार? मी पुडीचं सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. "मेल्या, गुडघ्याला नशा चढंल तुज्या!" त्याला त्या दिवसांत वेगळाच आनंद झाला होता. त्याच्या आईने त्याचा खेळ कधी पाहिला नव्हता, आणि या वेळी ती डोंगर उतरून देवरूखच्या मैदानावर येणार होती.

आम्ही सकाळी निघालो; पहिले सामने त्याच दिवशी होते, अंतिम सामना दुसऱ्या दिवशी. भाड्याची मॅटाडोर होती. मागे दोन फळ्यांवर दहा खेळाडू, पुढे ड्रायव्हरशेजारी सर आणि दाराशी मी. गुडघा लांब करता यावा म्हणून सरांनी ती दाराकडची जागा मुद्दाम मला दिली होती. पुडी माझ्या पिशवीत, मोज्याच्या आत. रत्नागिरी सोडून हातखंब्याला येईपर्यंत ती पिशवी मी दोन्ही हातांनी धरून बसलो होतो.

हातखंब्याच्या नाक्यावर चहाला गाडी थांबली. ड्रायव्हर पन्नाशीचा, गप्पिष्ट, अंगठ्यांनी बोटं भरलेला. चहा न घेताच तो मागच्या बाजूला गेला. तिथे सरकारमान्य देशी दारूचं दुकान होतं, पाटी ठळक. परत आला तेव्हा हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली होती आणि डोळे जरा जास्तच चमकत होते. मी ते पाहिलं, पण माझं सगळं लक्ष पलीकडे होतं. पलीकडे पोलीस गाड्या तपासत होते.

माझी पाचावर धारण बसली. पुढच्या सीटवर बसलेल्याला पहिल्यांदा उतरवतात, असं कुणीतरी सांगितलेलं आठवलं. मी मित्राला टपरीच्या आडोशाला ओढलं. "मी मागे बसतो. तू पुढे बस. आणि ही पुडी मी टाकून देतो."

"टाकतोस काय! उद्या फायनलला काय बांधशील?" तो म्हणाला. माझं तोंड बघून त्याचं हसू थांबलं. त्याने हात पुढे केला. "दे हिकडं, भित्र्या. माज्याकडं कोन बगनार नाय." आणि पुडी त्याने आपल्या ट्रॅकसूटच्या खिशात टाकली, जशी एखाद्याने उरलेली गोळी टाकावी.

खरं सांगतो, मला त्या क्षणी फक्त हलकं वाटलं. त्याचं काय होईल हा विचार शिवलासुद्धा नाही.

मी मागच्या फळीवर चढलो, तो पुढे माझ्या जागी बसला. हवालदाराने आमची मॅटाडोर थांबवली. मागे चढून पिशव्या उघडायला लावल्या. माझ्या पिशवीतले मोजेसुद्धा झटकून बघितले.  मग तो पुढे गेला आणि सीटखालची बाटली त्याने वर काढली.

"काय रे, सकाळी सकाळी?"

"साह्यब, राखणदाराची हाय," ड्रायव्हर म्हणाला.

हवालदाराने बाटली लगेच खाली ठेवली. ती ठेवताना त्याने दुसऱ्या हाताने कपाळाला स्पर्शही केला. ड्रायव्हरच्या तोंडाचा वास मला मागे येत होता, हवालदाराच्या तर नाकाशी होता. पण तो शोधत होता गांजा. "जावा," म्हणाला. "जिंकून या रे पोरांनो."

राखणदार म्हणजे काय, ते आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. घाटाच्या तोंडाशी, पुलाच्या आधी, झाडाखाली एक दगड असतो. त्या टापूची राखण तो करतो. ड्रायव्हर लोक तिथे विडी ठेवतात, कुणी नारळ, कुणी दारूचे चार थेंब. त्याला न विचारता पुढे जायचं नसतं. निवळीचा घाट सुरू होण्याआधी आमची गाडी थांबली. सरांसकट आम्ही सगळे चपला काढून उतरलो. ड्रायव्हरने झाकणभर दारू दगडावर ओतली आणि हात जोडून मोठ्या आवाजात गाऱ्हाणं घातलं.

"बा म्हाराजा! ही पोरं ख्येळायला चाललीत, त्यान्ला जय दे!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही ओरडलो.

"वाटंत कसली इडापिडा आसंल ती बाजूला सार!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी ह्यो तुजा परसाद तुज्या लेकराला पचव!"

"व्हय म्हाराजा!"

आणि बाटली तोंडाला लावून त्याने ती तिथेच रिकामी केली.

सर समोर उभे होते. सामन्याच्या आधी दुसरा चहा घेतला तर आमच्यावर डाफरणारे सर. त्यांच्या कपाळाला आठी पडली, ती मी पाहिली. पण देवाच्या प्रसादाला नाही कसं म्हणायचं? त्यांनीही हात जोडले होते, त्यांनीही 'व्हय म्हाराजा' म्हटलं होतं.  मी तर मनात वेगळंच गाऱ्हाणं घालत होतो, की पुढे आणखी पोलीस नको. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी माझी भीती चुकीच्या गावाला जाऊन पोचली होती.

मित्र पुन्हा पुढे दाराशी, माझ्या जागेवर बसला. चढताना वळून त्याने खिशावर थाप मारली आणि डोळा मिचकावला.

घाट उतरायला लागलो तसा ड्रायव्हर गाणं म्हणू लागला. पहिलं वळण त्याने नीट घेतलं. दुसऱ्याला गाडी समोरच्या बाजूला गेली आणि वर चढणारा ट्रक भोंगा वाजवत अगदी खेटून गेला. मागे आमची बोलणी बंद झाली. "अहो, हळू," सर म्हणाले. "भ्यू नका, राखणदार हाय," ड्रायव्हर म्हणाला. मला फळीवर बसवेना. दोन्ही हातांनी मी वरचा लोखंडी दांडा धरला. आता थांबवा असं ओरडावं, उतरून चालत जावं, असं वाटत होतं, पण धीर होत नव्हता. पोरं हसतील, सर रागावतील, सामना चुकेल. भित्रा तर मी होतोच, सगळ्यांना माहीत होतं. मित्र काचेतून पुढे बघत होता. त्याची मान ताठ होती. त्याला मी घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं, ते त्या वेळी पाठमोरं पाहिलं.

तिसऱ्या की चौथ्या वळणाला गाडी वळलीच नाही. डाव्या अंगाने कठड्यावर आदळली, दगड फुटल्याचा आवाज आला आणि आम्ही सगळे एकमेकांवर पडलो. गाडी कठड्यात अडकून कलंडली, खाली गेली नाही. मागच्यांचे हात मोडले, डोकी फुटली. सरांच्या बरगड्या मोडल्या, ड्रायव्हरचं गळ्याजवळचं हाड मोडलं. मला काहीच झालं नाही. माझा तो दुखरा गुडघासुद्धा धड होता. पुढचा डावा दरवाजा आत दबला होता. माझा मित्र तिथेच गेला.

नंतरचं मला तुकड्या तुकड्यांनी आठवतं. रत्नागिरीच्या इस्पितळात आम्हाला रांगेने कॉटवर निजवलं होतं. दुपारी एक हवालदार आला, नाक्यावरचा नव्हे, दुसरा. त्याच्या हातात पुडी होती. कागदावर रक्त लागलं होतं.

"मयताच्या खिशात ही मिळाली. गांजा आहे. कुणाला काही माहिती?"

सरांनी आश्चर्याने आमच्याकडे बघितलं. पोरं एकमेकांकडे बघू लागली. त्या खोलीत उत्तर एकट्या मला माहीत होतं. मी तोंड उघडलं, एवढं मला आठवतं. मग फौजदाराचं टेबल आठवलं, दाखल्यावरची सही आठवली, ओटीवर बसलेला भाऊ आठवला. मी तोंड मिटलं आणि वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत राहिलो.

"म्हणजे तोच ओढायचा," हवालदार म्हणाला आणि लिहू लागला.

चार दिवसांत गावभर झालं. पोरं गांजा ओढून गाडीत धिंगाणा करत होती, पुढे बसलेल्याने ड्रायव्हरचा हात ओढला, म्हणून गाडी गेली. ड्रायव्हरच्या तोंडाला वास होता का, हे कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तरी काय. ती दारू सरकारमान्य दुकानातली आणि राखणदाराच्या नावाची होती, आणि आम्ही सगळ्यांनी तिला हात जोडले होते. सरांनाही ते आठवत असणार. त्यांनी कधी तो विषय काढला नाही, मीही नाही. पावसचा हाडवैद्य एकदा बाजारात समोर आला, मला बघून त्याने रस्ता ओलांडला. आईने तर त्या पुडीचा उल्लेख मरेपर्यंत केला नाही. ड्रायव्हर सहा महिन्यांत पुन्हा गाडी चालवू लागला.

पुतण्याला सांगण्यासारखं माझ्याकडे मत नाही, ते यामुळे. गांजा ओढून गाडी हाकणाऱ्याच्या शेजारी मी मुलाला बसवणार नाही, हे मी आजही सांगेन. पण कायद्याने एका नशेकडे बोट दाखवलं आणि आम्ही सगळे, पोलीस, मास्तर, खेळाडू, त्या बोटाकडे बघत दुसऱ्या नशेच्या गाडीत बसलो. एवढंच मला माहीत आहे, आणि तेवढं बोलायचं तर पुडी कुणाची होती तेही सांगावं लागेल.

पुढच्या वर्षी मला नोकरी मिळाली. त्या बँकेच्या माणसाने दुसऱ्या एका सामन्यात मला पाहिलं. चारित्र्याचा दाखला त्याच फौजदाराच्या सहीने आला, 'वर्तणूक चांगली' असा. मुंबईला निघण्याआधी मित्राचं वर्षश्राद्ध होतं, म्हणून आम्ही संघातले सात-आठ जण त्याच्या वाडीवर गेलो.

मी जाणार नव्हतो. मला त्याच्या आईची भीती वाटत होती. अपघाताच्या दिवशी ती देवरूखच्या मैदानावर दुपारपर्यंत बसून होती, मांडीवर घावनांचा डबा घेऊन, असं मी ऐकलं होतं. मला वाटलं, ती माझ्या तोंडाकडे बघेल आणि तिला कळेल. तसं काही झालं नाही. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "बाबू, तू त्याचा खास. तुला तरी बोलला आसंल. कंदीपासून ओडी रे तो?"

"काकी, तो नव्हता ओढत," मी म्हणालो. 

"मंग खिशात कशी गावली?"

मी वाकून तिच्या पाया पडलो. तिने मला उठवलं. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "जाऊ दे. तू त्याची लाज राकतोस, ता मला कळतां."

दुपारी ती आम्हाला घेऊन ग्रामदेवतेच्या देवळात गेली. देवळात पंचवीस-तीस माणसं असतील. तिने नारळ ठेवला आणि गुरवाच्या कानात काहीतरी सांगितलं. गुरव म्हातारा होता, पण आवाज खणखणीत. आम्ही हात जोडून उभे राहिलो. मी तिच्या शेजारीच होतो, तिचा खांदा माझ्या दंडाला लागत होता.

"बा देवा म्हाराजा! ह्या माउलीचा पोर गेला, त्याच्या जीवाला शांती दे!"

"व्हय म्हाराजा!"

"त्याच्या पायी दुसऱ्यांच्या पोरान्ला दुकापत झाली, त्ये त्यान्ला इसरू दे!"

"व्हय म्हाराजा!"

"गांजाच्या नादान त्याच्या हातून जी चूक घडली, ती पदरात घ्ये म्हाराजा!"

तिचा आवाज सगळ्यात आधी आला, बारीक आणि फाटलेला. तिच्या मागोमाग सगळ्या देवळाने म्हटलं. मीही म्हटलं, "व्हय म्हाराजा."

मग तिने नारळाचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला, आणि तो मी तिच्यासमोर खाल्ला.